दोन भावांचे रक्त आणि बाईंचे प्रश्न

डॉ. कुमुद राजूरकर यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी चौथीत होतो आणि बाबांच्या खांद्यावर होतो. माझा डावा गुडघा फुगून टरबुजासारखा ताणला होता. बोरी अरबहून यवतमाळपर्यंत एसटीत मी रडत आलो होतो. त्याआधीच्या सगळ्या डॉक्टरांनी एकच विचारले होते, "कुठे पडला?" आणि मी कुठेच पडलो नव्हतो, म्हणून कोणी माझ्यावर विश्वास ठेवत नव्हते. बाईंनी गुडघ्याला हात लावला नाही. खुर्ची जवळ ओढून त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "दुखायला लागायच्या आधी काय वाटलं होतं रे?"

असे मला कोणी विचारले नव्हते. मी रडायचा थांबलो आणि म्हणालो, "आतमंदी कोमट पानी सोडल्यावानी वाटते. मुंग्याबी येतेत. मंग दुखते."

बाईंनी शेजारच्या खोलीतल्या एका तरुण डॉक्टरांना बोलावून घेतले आणि मला म्हणाल्या, "यांना पुन्हा सांग. अगदी तसंच." मी पुन्हा सांगितले. त्या डॉक्टरांकडे वळून बाई म्हणाल्या, "पुस्तकात हे शेवटी दोन ओळींत असतं. याला ते सूज यायच्या आधी कळतं. मग आपण सुजेची वाट का बघत बसतो?"

माझ्या रक्तात ते गोठवणारा एक घटक, म्हणजे फॅक्टर, जवळजवळ नाही, या आजाराला हिमोफिलिया म्हणतात आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या दिलीपदादालाही तोच आहे, हे सगळे आम्हाला त्या आठवड्यात कळले. पण त्या दिवशी मी घरी नेली ती दुसरीच गोष्ट. आपल्या अंगात काय चालले आहे हे आपल्यालाही ठाऊक असते आणि ते एखाद्या मोठ्या माणसाला ऐकण्यासारखे वाटते, हे मला पहिल्यांदा समजले. मी आज बाभुळगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्याचा उगम शोधायचा झाल्यास त्या खुर्चीपर्यंत जावे लागेल.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. त्यांच्या अध्यापनाविषयी, त्यांनी घडवलेल्या डॉक्टरांविषयी इतर मान्यवर लिहितीलच. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. मी त्यांचा पेशंट, आणि त्या नात्यानेच शिष्य. त्यामुळे मला जे सांगायचे आहे ते माझ्या रक्तातूनच सांगावे लागेल.

त्या काळी आमच्यासारख्या मुलांसाठी फॅक्टरचे इंजेक्शन सहज मिळत नसे. रक्तस्राव थांबला नाही की दुसऱ्यांचे रक्त किंवा त्यातला प्लाझ्मा द्यावा लागे. दादाची दाढ काढली तेव्हा रक्त थांबता थांबेना. गावोगावच्या, शहरांतल्या किती अनोळखी माणसांचे रक्त त्याच्या अंगात गेले याचा हिशेब नाही. मलाही मिळाले. आम्ही त्यावर जगलो. आणि त्यातूनच आम्हा दोघांना एचआयव्हीचा संसर्ग झाला. हे वाक्य मी स्वतःच्या नावाने पहिल्यांदाच छापायला देतो आहे. लेख मागितला गेला तेव्हा मी मायला आणि माझ्या पत्नीला, वैशालीला, विचारले. वैशाली म्हणाली, "बाईंबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, तर मग लिहिता काय?"

तपासणीची कल्पना बाईंचीच. दुसरीकडे हिमोफिलियाच्या मुलांत हा संसर्ग आढळल्याचे त्यांनी वाचले आणि कोणी सांगायची वाट न बघता आपल्या सगळ्या मुलांना बोलावून घेतले. निकाल सांगायला त्यांनी आम्हा चौघांनाही आत बसवले. बाबांनी पोरांना बाहेर पाठवू का, असे विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, "रक्त त्यांचं आहे. त्यांना आधी कळायला पाहिजे."

बाईंचे सांगून झाले. मग बाबांनी विचारले, "कोनाच्या हातून झालं हे, बाई?"

बाईंनी मान खाली घातली नाही. त्या म्हणाल्या, "त्यातल्या काही पिशव्या मी स्वतः लावल्यात. कोणत्या पिशवीतून आलं, ते आता मला शोधता येणार नाही. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून मी सुटणार नाही, भाऊ."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. घरी परतताना एसटीत ते एवढेच म्हणाले, "बाई खोटं बोलत नाई. आपून येथंच येत जाऊ." माणसाचा विश्वास कशाने बसतो, याचे नवल मला आजही वाटते.

पुढे काही वर्षांत आमच्या घरात एक कोडे उभे राहिले. दोघे सख्खे भाऊ, दोघांचा हिमोफिलिया एक, संसर्गही बहुधा आगेमागेच झालेला. तरी दादा वाळत चालला आणि मी मात्र शाळेत जात होतो, जेवत होतो, गुडघा सोडला तर धडधाकट होतो. गावात कोणी म्हणे, लहान्यावर देवाची नजर आहे. बाईंना ते पटण्यासारखे नव्हते. आम्हा दोघांना समोरासमोर बसवून त्या खूप वेळ पाहत राहायच्या. कधी आजारी पडलात, कशाने पडलात, तोंड येते का, नागीण उठली होती का, असे विचारत राहायच्या. दादा वैतागायचा नाही, उलट त्याला मजा वाटायची. तो बोरी अरबच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. "बाई माह्यासारख्याच आहेत," तो म्हणायचा, "आवाज कुठून बिघडला ते सापडल्याशिवाय झाकन लावत नाई."

त्याच सुमारास आमच्या आजोबांना टीबी झाला. आम्ही एकाच खोलीत झोपत होतो, म्हणून बाईंनी आम्हा दोघा भावांची टीबीची चाचणी केली. अगदी बारीक सुईने हाताच्या कातडीत थोडे औषध टोचतात. दोन-तीन दिवसांनी ती जागा फुगून कडक झाली, तर या शरीराची टीबीच्या जंतूंशी गाठ पडली आहे, असे समजतात. माझा हात चांगलाच फुगला. दादाच्या हातावर काहीच नव्हते.

मायने सुटकेचा श्वास टाकला. "मोठ्याचं तं बरं निंगालं, बाई. लहान्याचंच पाहा आता."

बाई दादाच्या हातावरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होत्या. "नाही हो," त्या म्हणाल्या, "मला लहान्याची काळजी वाटत नाही. मला मोठ्याची वाटते."

"काहून? त्याचा हात तं साफ आहे."

"तेच. दोघं एका खोलीत झोपले. आजोबांचा खोकला दोघांच्याही वाट्याला आला. मग एकाचंच शरीर का बोललं?"

मायला कळले नाही. मलाही कळले नाही. तेव्हा बाईंनी जे समजावले, ते मी दरवर्षी माझ्या वर्गात त्यांच्याच शब्दांत सांगतो. त्या बाबांना म्हणाल्या, "तुम्ही तुरीच्या वावरात जागलीला जाता ना? रानडुकरं आली तर काय करता?"

बाबा म्हणाले, "मचानावर एक जन बसते. त्याले दिसलं का तो हाका मारते. मंग बाकीचे काठ्या घेऊन धावतेत."

"हाका मारणारा स्वतः डुकराला मारतो का?"

"नाई. तो कायले उतरते खाली? तो फक्त वरडते."

"आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांत अशा हाका मारणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्यांना सीडी-फोर म्हणतात. हा विषाणू नेमका त्यांनाच धरतो. मारणाऱ्यांच्या हातात काठ्या असतात, पण त्यांना कोणी बोलावतच नाही. हात फुगतो तो या हाकेमुळे. दिलीपचा हात फुगला नाही, याचा अर्थ टीबी नाही असा होत नाही. कदाचित तो आत शिरलाय आणि कोणी ओरडलंच नाही."

दादा हसून म्हणाला, "म्हंजे माह्या मचानावरचा मानूस खाली पडला."

छातीच्या फोटोत फारसे काही दिसले नाही. मानेत बारीक गाठी होत्या, पण हिमोफिलियाच्या माणसाची गाठ कापून तपासणे म्हणजे नवे संकट. इतर कोणी इथे थांबले असते, आणि त्यांना दोषही देता आला नसता. बाईंनी दादाची थुंकी पुन्हा पुन्हा तपासायला लावली आणि शेवटी स्वतः प्रयोगशाळेत जाऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. टीबीचे जंतू सापडले. उपचार लगेच सुरू झाले. दोन महिन्यांनी दादाच्या गालावर मांस दिसू लागले, आणि तो पुन्हा बाजारात जाऊन बसला. हात फुगला नाही म्हणून आम्ही आनंदात घरी गेलो असतो, तर तो त्या हिवाळ्यातच गेला असता.

तरीही बाईंचा मूळ प्रश्न सुटला नव्हता: दोन भावांत हा फरक का? सीडी-फोर पेशी मोजायची सोय तेव्हा आपल्या जिल्ह्यात नव्हती. रक्त ताजेच तपासावे लागते, म्हणून बाई आम्हाला घेऊन रजा काढून मुंबईला गेल्या. दादाच्या पेशी फार कमी निघाल्या. माझ्या कमी होत्या, पण कामापुरत्या होत्या. परतीच्या गाडीत दादाने विचारले, "बाई, आता खरं सांगा. असं काहून?"

बाई म्हणाल्या, "मला जे वाटतं ते सांगते. खात्री नाही, हे आधी सांगून ठेवते. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, थायमस. या पेशींची शाळाच समज. लहानपणी ती मोठी असते, नव्या नव्या पेशी शिकवून बाहेर पाठवते. वय वाढतं तशी ती सुकत जाते. या संजयला संसर्ग झाला तेव्हा तो लहान होता. विषाणू पेशी मारत होता, आणि त्याची शाळा नवीन भरती करत होती. तुला झाला तेव्हा तू अठरा-एकोणीसचा होतास."

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हंजे मी मोठा झालो, हेच चुकलं."

 बाई म्हणाल्या, "चुकलं नाही रे. आणि हे पूर्ण उत्तरही नाही. तुम्हाला दिलेल्या रक्तात इतरही पुष्कळ परकं काही असतं, तुझ्या अंगात ते संजयपेक्षा कितीतरी जास्त गेलंय. त्यानंही आधीच थकवलं असेल. मला अजून पुरतं माहीत नाही." नंतर त्यांनी दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्टेशन येईपर्यंत काढला नाही. मी समोर बसून हे पाहत होतो. ज्या माणसाला आपले उत्तर दुखावणार आहे त्यालाही खरे उत्तर द्यायचे, आणि दिल्यावर उठून जायचे नाही, असे बाई वागत. याला मूल्य म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दादा त्यानंतर काही वर्षे राहिला. एका साध्या बुरशीने त्याच्या मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आली. तुमच्या-माझ्या श्वासातून रोज आत-बाहेर करणारी बुरशी ती. विषाणूला रोखणारी औषधे तेव्हा जगात होती, पण आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती. बाईंनी ती मिळवण्यासाठी ज्यांना ज्यांना गाठता येईल त्यांना गाठले. उशीर झाला. दादा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. माय चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. ती बाईंना म्हणाली, "माह्या भावालेबी असंच रक्त चालू राहे. तो गेला. आता माहं लेकरू गेलं. सासरचे मले म्हनतेत, तूच आनलं हे घरात. खरं आहे का, बाई?"

मला वाटले, बाई 'नाही' म्हणतील. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "रक्त न गोठण्याचा दोष तुमच्याकडून आला, हे खरं आहे. तुम्हाला तो तुमच्या आईकडून आला. तिला तिच्या आईकडून आला असेल. तुम्ही यातलं काही निवडलं नाही. जसं डोळ्यांचा रंग कोणी निवडत नाही. पण दिलीप ज्यानं गेला, तो विषाणू तुमचा नाही. तो आमच्या सुईतून आला. घरात कोणी पुन्हा बोललं, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. मी सांगेन."

माय बराच वेळ रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मंग या लहान्याले तं राहू द्या मले."

"तेवढा शब्द मी देऊ शकत नाही," बाई म्हणाल्या. "पण मी याच्या मागे आहे."

आणि त्या होत्या. माझ्याही पेशी पुढे घटत गेल्या. पण तोवर सरकारी रुग्णालयात औषधे मोफत मिळू लागली होती. मी गोळ्या सुरू केल्या, आणि काही आठवड्यांत नवेच घडले. ताप चढला, मानेत मोठाल्या गाठी आल्या, मी उठेनासा झालो. मायने गोळ्यांची बाटली उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. "या गोळ्याच तुले मारून राह्यल्या," ती म्हणाली. आम्ही यवतमाळला गेलो. बाईंनी माझी मान चाचपली, रक्त तपासून घेतले, आणि कागद बघताना त्यांचा चेहरा असा उजळला की माय चिडली. "बाई, पोट्टा मरून राह्यला अन् तुम्ही हासता?"

"माफ करा," बाई म्हणाल्या. "संजय, ऐक. तुझ्या अंगात टीबी बऱ्याच दिवसांपासून दबून असणार. लहानपणी तुझा हात फुगला होता, पण पुढे पेशी घटल्या तसा तुझ्या शरीराला तो दिसेनासा झाला. गोळ्यांनी पेशी वाढल्या, आणि आता पुन्हा दिसला. हा ताप, या गाठी, ही तुझ्याच शरीरानं सुरू केलेली मारामारी आहे."

"म्हणजे मी बरा व्हायला लागलो, म्हणून आजारी पडलो?"

"बरोबर! आता टीबीचं औषध जोडू, सूज थोडी आवरू. आणि या गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत." घरी आल्यावर मायने बाटली स्वतःच खाली काढली. बाईंचे म्हणणे तिला कळले होते असे नाही. पण बाईंनी आजवर एकदाही तिला बरे वाटावे म्हणून काही सांगितले नव्हते, हे तिला पक्के ठाऊक होते.

माझ्या लग्नाची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वैशाली वणीची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. आमची ओळख शिक्षकांच्या प्रशिक्षणात झाली. मी बाईंना विचारले, "तुम्ही तिला समजावून सांगाल का?" बाई म्हणाल्या, "मी सोबत बसेन. बोलायचं तू." मी बोललो.  वैशालीने सगळे ऐकले, आणि माझ्याऐवजी बाईंना विचारले, "यांना साधी सर्दी झाली, तर मी घाबरायचं का?" बाई इतक्या मोकळ्या हसल्या! म्हणाल्या, "घाबरायचं नाही. पण का झाली, ते विचारायचं." नंतर त्यांनी तिला एकटीला बसवून तिचे सगळे प्रश्न संपेपर्यंत उत्तरे दिली. गोळ्या नियमित घेतल्या आणि विषाणू दबलेला राहिला की जोडीदाराला धोका नसतो, हे तिला आणि मागाहून तिच्या आईवडिलांनाही सांगितले. वैशालीने होकार कळवायला महिना घेतला. बाईंनी त्या महिन्यात मला एकदाही 'काय झालं' असे विचारले नाही. मला वाटते, प्रश्न न विचारण्याचा त्यांच्या आयुष्यातला तेवढाच प्रसंग असावा.

निवृत्तीनंतरही बाई दर आठवड्याला हिमोफिलियाच्या मुलांना बघतात. आजच्या मुलांना सुरक्षित फॅक्टर मिळतो, त्यांना आमच्यासारखा संसर्ग होत नाही. ती पोरे धावत आत येतात, बाईंच्या टेबलावरचा रबरी हातोडा उचलून एकमेकांच्या गुडघ्यावर मारतात, आणि बाई त्यांना ओरडतही नाहीत. "का उडाला रे पाय?" असे विचारतात.

मागच्या महिन्यात मी या लेखासाठी त्यांच्या घरी गेलो होतो. दादाविषयी लिहू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "लिही. त्याचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले असायचे." मग चष्मा लावून त्या माझ्याजवळ आल्या आणि माझ्या कानावरच्या केसांकडे निरखून बघू लागल्या.

"हे पांढरे कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं, बाई."

त्या परत खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मुलं वाचावीत, एवढंच आम्ही बघत होतो. तुम्ही म्हातारे व्हाल, याचा विचारच केला नव्हता रे. लहानपणापासून झुंजलेल्या पेशी लवकर थकतात का? की सवयीनं जास्त तरबेज होतात? कोणालाच नीट माहीत नाही. तुमच्याआधी कोणी असं म्हातारं झालंच नाही ना."

"मग ते बघायला तुम्हाला बरंच जगावं लागेल, बाई."

"बघणार आहे मी," त्या म्हणाल्या, आणि माझे वजन, झोप, दम लागतो का, असे एकेक विचारायला त्यांनी सुरुवात केली.

यवतमाळ, दारव्हा, बाभुळगाव, वणी असे विखुरलेले आम्ही त्यांचे जुने पेशंट आता थोडेच उरलो आहोत. त्या सगळ्यांच्या वतीने, आणि जे आज नाहीत त्यांच्याही वतीने, मी बाईंना नमस्कार करतो. त्यांचे डोळे, गुडघे आणि कुतूहल शाबूत राहोत. आम्हा सगळ्या पोरांची डोकी पूर्ण पांढरी झालेली त्यांनी स्वतः जवळ येऊन, चष्मा लावून बघावीत, इतके निरोगी आयुष्य त्यांना लाभो.